शेजाऱ्याच्या हातचं छप्पर

ताईच्या सासूने तिला आमच्याकडे पाठवायला आधी साफ नकार दिला होता. "तुमची वाडी नदीच्या तोंडात. पुराच्या जागी कुणी बाळंतीण ठेवतं का?" असं ती म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ताईचं पहिलं मूल सासरीच, दिवस भरायच्या आधी गेलं होतं. तेव्हापासून ताई हसली तरी आधी इकडेतिकडे बघून हसायची. या खेपेला तिला माहेरी आणायचंच, असा आईने ध्यास घेतला. शेवटी बाबा होडीने दिघीला उतरले आणि तिथून चालत बोर्ली पंचतनला ताईच्या सासरी गेले. ओटीवर बसून त्यांनी सांगितलं, "पाणी आलं तर आम्ही वरच्या घरात जातो. वरचं घर कोरडं असतं. माझा शब्द हाय."

बाबांनी हा शब्द दिला तेव्हा मी मुंबईत होतो. आमच्या वाडीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, इंटरच्या वर्गात होतो. त्या उन्हाळ्यात मी एका घरी मुलांची शिकवणी धरली होती, म्हणून वैशाखात घरी गेलो नव्हतो. पुढचं सगळं सांगायचं तर आधी वरच्या घराविषयी सांगायला हवं. ते मला नीट जमेल की नाही, याची खात्री नाही. मुंबईत एकदोघा मित्रांना सांगून पाहिलं तर त्यांना ते धर्मशाळेसारखं काहीतरी वाटलं.

आमची वाडी तळा गावाच्या खालच्या अंगाला, नदी खाडीला मिळते तिथे आहे. एरवी नदी गरीब. पण अमावास्येचं किंवा पौर्णिमेचं उधाण खाडीतून वर चढत असताना डोंगरात पाऊस कोसळला, तर नदीच्या पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही आणि ते आमच्या घरांत शिरतं. म्हणून वाडीमागच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, पूर्वीच्या माणसांनी सगळ्यांत मिळून एक लांबच लांब घर बांधलेलं आहे. वाडीत घरं बारा, म्हणून त्या घराला खणही बारा, एका ओळीत. दोन खणांमध्ये भिंत नाही, वीतभर उंचीची मातीची पाळ आहे. प्रत्येकाची चूल आपापल्या खणात. पाणी उतरेपर्यंत तिथे राहायचं आणि मग खाली येऊन घरातला गाळ उपसायचा.

या घराच्या शाकारणीची रीत वेगळी आहे. वैशाखात छपरावर नवा पेंढा घालतात, पण आपल्या खणावर आपण घालायचा नाही. प्रत्येकाने आपल्या उजव्या हाताच्या खणावर घालायचा. ओळीतल्या शेवटच्याने पहिल्याच्या. घालून झाल्यावर आपला खण कसा झालाय हे बघायला कुणी जायचं नाही. बघायला जाणं म्हणजे शेजाऱ्याला 'तुझा भरवसा नाही' असं तोंडावर सांगणं. मी लहानपणी आईला विचारलं होतं, आपलं आपण का घालायचं नाही? ती म्हणाली, "मग जो तो आपल्यापुरतं दाट घालंल. आणि एका खणात गळलं की आढं कुजतं, ते काय एकट्याचं असतं?"

श्रावण संपत आला तेव्हा गणपतीच्या सुट्टीला दोन-चार दिवस आधीच मी घरी निघालो. भाऊच्या धक्क्यावर मला पोचवायला आमच्याच वाडीतला एकजण आला होता. तो शिमग्यानंतर बायकोमुलांसह मुंबईला येऊन गिरणीत लागला होता. मी त्याला दादा म्हणत असे. ताईसाठी त्याने खारकांची पुडी दिली. बोट सुटता सुटता म्हणाला, "वैशाखात जायचं होतं रे. साहेबाने रजाच दिली नाही. माझ्या पाळीचं कुणीतरी उरकलं असेल ना?"

"असेल," मी म्हणालो. मला काय माहीत होतं?

धरमतरला उतरून मोटारीने आणि पुढे चालत, भिजत घरी पोचलो. ताई पडवीत पाय पसरून बसली होती. पावलं सुजलेली, चेहरा मात्र शांत. आई शांत नव्हती. ताई आत गेल्यावर तिने मला चुलीपाशी बोलावलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "औंदा बी आपला खण कुणाकडं हाय, ठाऊक हाय ना?"

ठाऊक होतं. आमच्या डाव्या हाताचा खण शेजारच्या काकांचा, म्हणजे दर वर्षीप्रमाणे आमचं छप्पर काकांच्या हातात. पण बाबा आणि काका मागच्या पावसाळ्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. आमच्या शेतांना खाडीच्या बाजूने बांध आहे आणि त्या बांधाला पाणी सोडायला उघाडी, म्हणजे लाकडी झडप आहे. ती भरतीआधी पाडायची पाळी त्या दिवशी काकांची होती. खारं पाणी आमच्या शेतात शिरलं आणि भात पिवळं पडून गेलं. बाबा म्हणाले, उघाडी उशिरा पाडली. काका म्हणाले, उघाडी वेळेवर पडली, तुझ्या वाट्याच्या बांधालाच भोक होतं. खरं काय ते मला अजून माहीत नाही. दोघेही खोटं बोलणारे नव्हते, त्यामुळे भांडण मिटायलाही काही वाट नव्हती.

"काकांनी घातलाय का पेंढा?" मी विचारलं.

"चढले होते खरं दोन दिवस. काय घातलं, किती घातलं, देव जाणे. त्यांच्याकडं बघायचं न्हाय म्हणून तुझे बाबा आपली पाळी आधीच उरकून आले आणि तेव्हा खालीच बसून राहिले." आईने ओलं लाकूड चुलीत जोरात सारलं. "आणि तिकडं विहीणबाईंना शब्द देऊन आले, कोरडं असतं म्हणून."

नवा पेंढा सोन्यासारखा पिवळा असतो, लांबून कळतो. पण दोन महिन्यांच्या पावसात नवाजुना सगळा सारखाच काळा होतो. खालून टेपाकडे कितीही पाहिलं तरी काही कळत नव्हतं. अमावास्या जवळ येत होती. ताईचे दिवस भरले होते. मी पुस्तक उघडून बसायचो आणि पान उलटायचं विसरायचो.

एका सकाळी मी बाबांना म्हणालो, "मी वर जाऊन नुसतं पाहून येऊ का?"

बाबा नांगराचा दोर वळत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही. "काय पाहून?"

"छप्पर."

"आणि न्हाय घातलेलं दिसलं, तर काय करशील? आपलं आपण घालशील?"

त्यांनी दोराला पीळ दिला. ते म्हणाले, "घातलेलं असलं, तर आपण बघाय गेलो ह्ये त्याला कळंल. न्हाय घातलेलं असलं, तर आपल्याला कळंल. दोन्हीत आपलंच तोंड काळं. बस गुमान."

तरी मी गेलो. टेपावर करवंदीच्या जाळ्यांतून वाट आहे. मी मनात निमित्त जुळवत चढत होतो, शेवाळ फार झालंय का पाहतोय, असं काहीतरी. अर्ध्या वाटेवर वरून काका उतरत आले. डोक्यावर इरलं, खांद्यावर गवताचा भारा. मी वाटेतच थांबलो.

"कुठं रं?"

"असाच. सहज."

"भर पावसात सहज टेप चढायला कॉलेजात शिकवतात काय?" ते हसले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना कळलं होतं. मला कळलं की त्यांना कळलंय. पावसाचं पाणी त्यांच्या इरल्यावरून पडद्यासारखं ओघळत होतं.

"ताई बरी हाय?" त्यांनी विचारलं.

"हो, काका."

"मग घरी जा. तिच्याजवळ रहा."

मी वळलो. ते माझ्यामागून उतरले. घरी आल्यावर मी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचता येईल म्हणून मी रात्रभर तो आठवत राहिलो. त्यातून चांगलंही निघत होतं आणि वाईटही.

अमावास्येच्या सकाळी उजाडलं तेच अंधारल्यासारखं. डोंगर दिसतच नव्हते. आमच्याकडे उधाणाची भरती दुपारी, डोक्यावर सूर्य आल्यावर येते, पण त्याच्या कितीतरी आधी नदी तांबडी होऊन काठाला लागली होती. चिखलातले खेकडे आमच्या भिंतीवर चढू लागले. खेकडे घर सोडायला लागले की आम्हीही सोडतो. बाबांनी गुरं सोडली, आईने बियाण्याचं भात आणि कोंबड्यांचं डालगं काढलं. ताई उठून उभी राहिली आणि दाराची चौकट धरून तशीच थांबली.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "कळ आली वाटतं."

बांबूला घोंगडी बांधून आम्ही झोळी केली. पुढचं टोक बाबांच्या खांद्यावर, मागचं माझ्या. वाडीतली सगळी माणसं टेपाच्या वाटेला लागली होती. पोरं, बकऱ्या, हंडे, डोक्यावर पाटा घेतलेली बाई. निसरड्या चढावर माझा पाय दोनदा सरकला. ताई झोळीतून म्हणाली, "तू दम खा रे, मला घाई नाही." तिला घाई नव्हती असं नव्हे. तिचं बोलणं मध्येच तुटत होतं. माझ्या डोळ्यांपुढे सबंध वाट फक्त एकच गोष्ट होती: आता छपराखाली जाऊ, आणि वर पाहू, आणि आभाळ दिसेल.

आत शिरून झोळी जमिनीवर ठेवली तेव्हा आमच्यापैकी कुणीच वर पाहिलं नाही. आधी आईने जमिनीला हात लावला. मग हात उलटा करून तळवा पाहिला. कोरडा होता. मग बाबांनी मान वर केली.

छप्पर इतकं दाट होतं की आतून एक कवडसा दिसत नव्हता. पेंढ्याच्या पेंड्या एकीवर एक, दोन थरांत, सुंभाने घट्ट आवळलेल्या. बाबा बराच वेळ वर पाहत उभे राहिले. आई मला म्हणाली, "बघतोस काय? लुगडं बांध आडोशाला."

वाडीची सुईण म्हातारी आली, लुगड्याच्या आडोशामागे गेली. मी आणि बाबा खणाच्या कडेला, मातीच्या पाळीवर येऊन बसलो. आणि तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. आमच्या डाव्या अंगाला, काकांच्या खणात, पाणी पडत होतं. एका जागी नव्हे, सगळीकडे. काकी धाकट्याला पोटाशी घेऊन इरल्याखाली बसली होती. पोराला खोकला होता. मोठी दोघं हंडे-तपेली धारांखाली सरकवत होती आणि जमीन तरी चिखल होत होती. त्यापलीकडचा गिरणीतल्या दादाचा खण तर नुसता वाशांचा सापळा झाला होता, त्यातून सरळ पाऊस येत होता.

मला धक्क्यावरचं दादाचं बोलणं आठवलं. काकांच्या खणावर पेंढा घालायची पाळी दादाची होती. तो वैशाखात येईल म्हणून सगळे थांबले, आणि पुढे पाऊस लागला. दादाच्या खणावर घालायची पाळी ज्याची होती, त्याने राहणारं कुणी नाही म्हणून घातलंच नाही. आणि काका आमच्या छपरावर दोन दिवस बसून दाट पेंढा घालत असताना, शेजारी आपलं छप्पर उघडं आहे हे त्यांना दिसत होतं. ते आपलं आपण घालू शकत नव्हते. कुणाला सांगायचं, तर तेही रीतीत बसत नव्हतं.

काका आपल्या खणात खांबाला टेकून उभे होते. भिजत. आमच्याकडे पाठ.

बाबांनाही हे सगळं दिसलं होतं. पण ते तसेच बसून राहिले, गुडघ्यांना हातांची मिठी घालून. दुसऱ्याच्या खणात न बोलावता कुणी पाऊल टाकत नाही. बोलवायचं तर आधी बोलायला हवं होतं. आई आडोशातून गरम पाणी न्यायला बाहेर आली. तिने एकदा काकीकडे पाहिलं, एकदा बाबांकडे.

"आपण कोरड्यात बसलोय ते कुणाच्या जिवावर, कळतंय ना?"

"कळतंय," बाबा म्हणाले.

"मग?"

आतून ताईचा कण्हण्याचा आवाज आला आणि आई आत धावली. मला वाटलं, आता आपणच उठावं, काकांना हाक मारावी. मी उठलोही. पण एवढ्या माणसांत वडिलांच्या आधी बोलायचं माझ्या जिभेला जमेना. मी उभाच राहिलो, आणि पोराचा खोकला ऐकत राहिलो.

मग बाबा समोर बघत, कुणाचं नाव न घेता म्हणाले, "पेंढा कुठला आणला व्हता?"

काकांनी पाठ न वळवताच सांगितलं, "खालच्या शेताचा."

"दोन थर घातलंस."

"पोर येणार व्हती ना बाळंतपणाला."

बाबांनी मान वळवली. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी काकांकडे सरळ पाहिलं. "आणि तुझ्यावर कोण चढलं?"

"कुणी न्हाय."

"दिसत व्हतं ना तुला?"

"दिसत व्हतं. मग काय करू? माझं मी घालू?"

"वाडीत सांगायचंस."

"कुणाला सांगू? तुला?"

बाबा उठले. पाळीपाशी गेले आणि काकीला म्हणाले, "वहिनी, पोरांना घेऊन हिकडं या. चूल पण हिकडंच मांडा."

काकीने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली की नाही मला दिसलं नाही, पण ती उठली. मी धाकट्याला उचलून घेतलं. त्याचं अंग तापलेलं होतं. काकी पाळ ओलांडून आली ती सरळ आडोशामागे ताईपाशी गेली आणि "चल गं बाई, दम घे, मी हाय," असं म्हणताना ऐकू आली.

मुलं, काकी, आई, सुईण आणि आडोशातली ताई, एवढ्यांनी आमचा खण भरला. बाळंतिणीच्या आडोशाजवळ पुरुषांनी थांबायचं नसतं. म्हणून बाबा, काका आणि मी काकांच्याच गळक्या खणात इरली पांघरून उभे राहिलो. पलीकडच्या टोकाचा एक म्हातारा विडी ओढत आमची मजा बघत होता.

"वा रं वा!" तो म्हणाला. "बायका कोरड्या, पोरं कोरडी, आणि दोघं घरधनी बगळ्यावानी उभे. वर्षभर बोलला न्हाईत, आता काय भिजून तोंडं उघडली?"

"तुमच्या खणात जागा द्या की, आबा," काका म्हणाले.

"माझ्या खणात माझी म्हातारी हाय. तिच्यापुढं जागा उरती का? अरं ए कॉलेजवाल्या, पाऊस कधी थांबतो ते तरी तुझ्या बुकात हाय का?"

"नाही, आबा."

"मग कशाला शिकतोस?"

सगळे हसले, मीही हसलो. पण तेवढ्यात आडोशामागे एकदम गप्प झालं. पाणी टेपाच्या पायथ्याला लागलं होतं. खाली आमच्या घरांची छपरं तेवढी दिसत होती. ताईचा आवाज पुन्हा आला, मोठ्याने, आणि मग तो सारखा येऊ लागला.

बाबा हळूच काकांना म्हणाले, "माझ्यावर दोन थर हायत. एक काढ आणि तुझ्यावर घालू."

"आत्ता?"

"पोरं किती वेळ दुसऱ्याच्या खणात बसतील? पोराला ताप हाय."

"आधी पोर सुटू दे," काका म्हणाले. "तिच्या अंगावर एक थेंब पडायला नको."

आडोशामागून सुईणीचा आवाज आला, "छपराला कुणी हात लावाल तर बघा! खालचं काम होऊ द्या आधी!" तिला आमचं बोलणं कसं ऐकू गेलं कुणास ठाऊक.

तो वेळ किती गेला ते मला सांगता येणार नाही. भरती ओसरायला लागली, एवढं आठवतं. माझ्या मनात सारखं पहिलं मूल येत होतं, जे आम्ही पाहिलंच नव्हतं. बाबांच्या ओठांची हालचाल होत होती, ते देवाचं नाव घेत होते की आणखी काही, माहीत नाही. मग ताई एकदा ओरडली आणि पुढे काहीच ऐकू आलं नाही. नुसता तपेल्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज. काकांनी बाबांचं मनगट धरलं. आडोशामागे कुणीतरी कुणाला तरी चापट मारल्याचा आवाज आला, पुन्हा एकदा आला, आणि मग रडणं. बारीक, चिरकं, चिडलेलं रडणं.

आई बाहेर आली. "मुलगी हाय," ती म्हणाली. "आणि ताई बोलतीय."

"काय बोलतीय?" बाबांनी विचारलं.

"विचारतीय, काकांची पोरं जेवली का?"

पाऊस थोडा उघडला तो संध्याकाळच्या आधी. पश्चिमेला पुन्हा काळं येत होतं, उघाड फार टिकणारी नव्हती. काका शिडी घेऊन आले. खरं सांगायचं तर त्या वेळी मला काकांच्या मुलांची नव्हे, माझ्या भाचीची काळजी वाटत होती. मी बाबांना म्हणालो, "एक थर काढल्यावर आपल्याकडे गळलं तर? ताईच्या सासरी तुम्ही शब्द दिलाय."

बाबांनी काकांकडे पाहिलं. "बोल. गळंल का?"

"गळणार न्हाय," काका म्हणाले. मग वर छपराकडे पाहिलं. "मला वाटतं गळणार न्हाय."

"वाटतं?"

"देव न्हाय मी. पण खालचा थर मीच आवळलाय."

"मग चढ," बाबा म्हणाले. "माझ्यावर तूच चढ. मी माझ्या छपराला हात लावत न्हाय."

असं झालं ते. काका आमच्या छपरावर बसून वरच्या थराचे बंद सोडत होते. बाबा काकांच्या उघड्या खणावर वाशांवर पाय रोवून पेंड्या बांधत होते. दोघांच्या मध्ये शिडीवर मी, काकांच्या हातून घेऊन बाबांच्या हातात देत होतो. एकमेकांना काही सांगायचं तर तेही माझ्यामार्फत. "त्याला सांग, सुंभ ओलं हाय, दोन फेऱ्यांनी आवळ." बाबा हातभर अंतरावर होते, सगळं ऐकत होते. "त्याला सांग, मला आवळता येतं." मी दोन्हीकडे काही सांगितलं नाही, नुसत्या पेंड्या दिल्या. एकदा काकांनी एक पेंडी माझ्या हातात देता देता परत ओढली आणि आमच्याच छपरावर ठेवली. आढ्याजवळ एक जागा त्यांना पातळ वाटली होती. त्यांनी तिथे बराच वेळ हात फिरवला.

दादाच्या खणाला पेंढा पुरला नाही. तो तसाच उघडा राहिला.

अंधार पडायच्या आधी पाऊस पुन्हा कोसळला. काकी मुलांना घेऊन आपल्या खणात गेली. तिथे अजून एका कडेला ओघळ येत होता, पण चूल पेटली होती. आम्ही सगळे आता उघडपणे वर पाहत बसलो होतो. ताईही पडल्या पडल्या वर पाहत होती, बाळ तिच्या कुशीत. आणि थोड्या वेळाने आढ्याजवळून, काकांनी हात फिरवला होता त्याच्या जराशी पलीकडून, एक थेंब पडला. मग दुसरा. आईने तिथे तांब्या ठेवला आणि ताईचं अंथरूण हातभर सरकवलं. थेंब तांब्यात वाजला.

पाळीपलीकडून काकांचा आवाज आला. "पडतंय का रं कुठं?"

बाबांनी तांब्याकडे पाहिलं. मग आपल्या डोक्याचा पंचा काढला आणि आवाज येऊ नये म्हणून तांब्यात कोंबला.

"न्हाय," ते म्हणाले. "कोरडं हाय."

ताई हसली. या वेळी तिने कुणाकडे बघितलं नाही.

पाणी उतरलं, आम्ही खाली आलो, गाळ उपसला. गणपती त्या वर्षी ओल्या भिंतीच्या घरातच बसले. सुट्टी संपली तेव्हा भाची आमच्याच घरात झोळीत होती. सव्वा महिना झाल्यावर बाबा तिला आणि ताईला स्वतः बोर्लीला पोचवणार होते. मी मुंबईला परत आलो आणि लगेच दुसऱ्या दिवशी दादा मला भेटायला माझ्या खोलीवर आला. गिरणीतून सरळ आला होता, केसांवर कापसाचे तंतू होते.

त्याने आधी ताईचं विचारलं. मुलगी झाली म्हटल्यावर खुश झाला. मग पाण्याचं विचारलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझी पाळी?"

मी खोटं सांगणार होतो. ते जमलं नाही. "काकांच्या खणात पाणी आलं, दादा. पोरं भिजली."

तो खाली बसला. हाताने केसांतला कापूस झाडू लागला. "तुझ्या काकांनी मला निरोप सुद्धा धाडला नाही रे."

"ते कुणालाच काही बोलले नाहीत."

"मग शेवटी त्यांच्यावर कोण चढलं?"

"बाबा."

दादाने माझ्याकडे एकदम पाहिलं. "म्हणजे आता बोलतात ते दोघं?"

मी विचार केला. निघायच्या दिवशी बाबा आणि काका दोघे बांधावर होते, एक या टोकाला, एक त्या टोकाला.

"छपराचं तेवढं बोलतात," मी म्हणालो. "उघाडीचं अजून नाही."

दादा उठला. दाराशी जाऊन परत वळला. "वैशाखात तू जाणार आहेस ना?"

"जाणार आहे. शिकवणी सोडतो म्हणून सांगितलंय."

"मला न्यायला ये," तो म्हणाला. "मी नाही म्हटलं, तरी उचलून बोटीत टाक."